मागील भेटीचे इतिवृत्त

तांबवडे गावात दर सोळा वर्षांनी ते जुनं शोकनाटक खरोखरचं घडतं, आणि त्याची सगळी व्यवस्था नगरपालिकेकडे असते.

नाटक कुणी लिहिलं ते कुणाला माहीत नाही. संहितेची एकच प्रत आहे, ती पालिकेच्या लोखंडी कपाटात, पाणीपट्टीच्या रजिस्टरांखाली. अंक पाच. पहिल्या अंकात दोन वैरी घराण्यांतला मुलगा आणि मुलगी शत्रूच्या घरच्या समारंभात एकमेकांना पहिल्यांदा बघतात. दुसऱ्यात भिंतीपाशी बोलतात. तिसऱ्यात गुपचूप लग्न करतात. चौथ्यात मारामारी होऊन मुलगा हद्दपार होतो. पाचव्यात दोघं मरतात. आधी तो, गैरसमजाने, आणि मग ती, समजून उमजून. सगळं मिळून पंधरा दिवसांचं काम. त्यानंतर दोन्ही घराणी आठवडाभर एकमेकांच्या गळ्यात पडतात, समेटाचा फोटो काढतात, आणि फोटोत मधे कोण उभं राहणार यावरून पुढच्या सोळा वर्षांचं वैर सुरू होतं.

घराणी म्हणजे मगदूम आणि खोत. मूळ वैर कशावरून पडलं याची फाईल वाळवीने खाल्ली, पण वैराला त्यामुळे काही अडलं नाही. नायक-नायिका सोडतीने ठरतात. वॉर्डांच्या आरक्षणाची निघते तशीच सोडत, सभागृहात, सगळ्यांच्या देखत. लग्नाच्या वयाच्या मुलामुलींच्या नावाच्या चिठ्ठ्या दोन मडक्यांत टाकतात आणि मुख्याधिकारी स्वतः एकेक उचलतात. त्र्याऐंशी सालच्या सोडतीत खोतांकडून भूपाल निघाला आणि मगदुमांकडून त्रिशला.

त्रिशलाला पत्र मिळालं तेव्हा ती टायपिंगच्या क्लासमध्ये होती. बावीस वर्षांची पोरगी, पण अख्ख्या तांबवड्यातल्या पतसंस्था, दूध संघ, पाणीपुरवठा मंडळ्या आपल्या सभांची इतिवृत्तं तिच्याकडून टाईप करून घ्यायच्या. हात असा बसला होता की ‘सूचक’ आणि ‘अनुमोदक’ हे शब्द ती दुसरीकडे बघत मारायची. तिने पत्र वाचलं, घडी घातली, पर्समध्ये ठेवलं आणि दूध संघाच्या इतिवृत्ताचं राहिलेलं पान पुरं केलं. मग तिला रडू आलं.

घरी तिच्या वडिलांनी, अण्णांनी, पत्र उलटसुलट करून बघितलं. शेवटी म्हणाले, “आपल्या घरातली ही चौथी.” त्यात दुःख किती आणि मोठेपणा किती हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. आईने पदर डोळ्याला लावला, आणि थोड्या वेळाने विचारलं, “पाचव्या अंकाला कुठली साडी द्यायची? पालिका देते की आपली?”

“आई, मला मरायचं नाही,” त्रिशला म्हणाली.

“कुणाला मरायचं असतं गं माझे बाई,” आई म्हणाली आणि पुन्हा रडायला लागली.

दुसऱ्या दिवशी त्रिशला पालिकेत गेली. प्रथम भेट विभागात एकच टेबल होतं आणि टेबलामागे शंकरराव तोडकर. सज्जन माणूस, आवाज कधी चढायचा नाही. मागच्या दोन्ही नाटकांची कागदपत्रं त्यांनीच बघितली होती आणि एकाही जोडप्याबद्दल त्यांच्या मनात काही वावगं नव्हतं.

“सूट मिळेल का?” तिने विचारलं.

“मिळते की. सैन्यात असाल तर, गरोदर असाल तर, किंवा निवडून आलेल्या सदस्य असाल तर.”

“यातलं काहीच नाही.”

“मग नाही मिळणार, ताई.”

“आणि मी गाव सोडून गेले तर?”

तोडकरांनी रजिस्टर उघडून बोट फिरवलं. “तर प्रतीक्षा यादीतलं पहिलं नाव लागेल. सुमती मगदूम.”

सुमती म्हणजे तिची धाकटी बहीण. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. झोपेत दात खाणारी आणि जागेपणी हिचे ब्लाऊज न विचारता घालणारी. त्रिशलाने गाव सोडायचा विचार तिथेच सोडला. तिने फक्त उपविधींची प्रत वाचायला मागितली. तोडकरांनी आनंदाने दिली, कारण आजवर ती कुणी मागितली नव्हती.

उपविधी साधे होते. नायक-नायिकेची भेट ही दोन सदस्यांची सभा धरली जाईल. सभेला पालिकेचा कारकून हजर राहील. दोघांनी एकमेकांकडे बघितलं की गणसंख्या, म्हणजे कोरम, पूर्ण झाली. त्याआधी गावात एकमेकांना कितीही वेळा बघितलं असलं तरी ते धरण्यात येणार नाही. दोघांनी ठरलेल्या भेटींखेरीज कुठेही एकमेकांशी बोलू नये; बोलताना आढळल्यास कारकुनाला नाटक तिथून पुढे नेण्याचा अधिकार राहील. त्रिशलाने ते कलम दोनदा वाचलं आणि तिच्या डोक्यात उजेड पडला. बघितलंच नाही तर सभा होणार कशी?

पहिला अंक तिच्या चुलतभावाच्या लग्नात लागला. जैनांकडची जेवणं, नेहमीप्रमाणे सूर्यास्ताच्या आत उरकायची होती, त्यामुळे चार वाजताच पंगती बसल्या. संहितेत नायकाने वेषांतर करून शत्रूच्या घरात शिरावं असं आहे. त्यासाठी पालिकेने भूपालला एक फेटा आणि एक मिशी दिली होती. मिशी सही करून परत करायची होती. खरं तर वेषांतराची गरजच नव्हती. लग्नात अनोळखी माणूस दिसला की मुलाकडचे त्याला मुलीकडचा समजतात आणि मुलीकडचे मुलाकडचा, आणि दोघंही आग्रह करून वाढतात. पण भूपाल अनोळखी कुठला? तो दूध संघात फॅट काढायला होता. रोज सकाळी अख्खं गाव कॅन घेऊन त्याच्यापुढे उभं राहायचं. त्याने एकदा साडेतीन फॅट सांगितली की साडेतीन; गल्लीतला असो की पाहुण्यांतला, पॉइंट इकडचा तिकडे व्हायचा नाही. तर असा हा माणूस मिशी लावून पंगतीत बसला, आणि लोकांनी नियमाप्रमाणे त्याला ओळखलं नाही. एक म्हातारी मात्र चुकून “भूपाल, काल माझी फॅट कमी लावलीस रे,” म्हणून गेली. तोडकरांनी तिला बाजूला नेऊन समज दिली.

तोडकर स्वतः पंगतीच्या टोकाला टेबल टाकून बसले होते. त्यांना पानही तिथेच वाढलं होतं.

त्रिशला जिलबीचं ताट घेऊन आली. नजर खाली. पान दिसलं की दोन जिलब्या ठेवायच्या, पुढचं पान. भूपालच्या पानावर तिने जिलब्या ठेवल्या त्या त्याच्या अंगठ्याकडे बघून. अंगठ्याला दूध तपासायच्या आम्लाने पडलेला पिवळा डाग होता. त्याने मान वर केली, तो तिच्याकडे बघत राहिला, पण ती पुढच्या पानावर गेली होती. तोडकरांनी घड्याळ बघितलं, थोडं थांबले आणि उभे राहिले.

“गणसंख्येअभावी सभा तहकूब करण्यात येत आहे,” ते म्हणाले.

वाढप्यांच्या खोलीत जाऊन त्रिशलाने ताट खाली ठेवलं आणि दोन्ही हात तोंडावर दाबून हसली. वाचलो! तिला वाटलं, आपण वाचलो, सुमती वाचली, तो अंगठ्यावर डाग असलेला बिचाराही वाचला. ती मोठा तांब्याभर मठ्ठा प्यायली. तेवढ्यात सुमती आली आणि म्हणाली, “आक्का, तोडकर म्हणतात अर्ध्या तासाने पुन्हा वाढायला ये. तिथेच.”

“कशाला?”

“तहकूब सभा आहे म्हणे.”

त्रिशलाने तांब्या खाली ठेवला. ज्या वाक्यापायी तिने टाईपरायटरच्या रिबिनींवर रिबिनी झिजवल्या होत्या, झोपेतून उठवलं असतं तरी जे तिने बिनचूक मारलं असतं, ते वाक्य तिला आता आठवलं: सभा अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेण्यात येईल व तहकूब सभेस गणसंख्येची अट राहणार नाही. गावातल्या एकूण एक संस्थेच्या सभा अशाच व्हायच्या. पहिल्या वेळेला कुणी यायचं नाही, अर्धा तास चहा प्यायचा, मग जी चार टाळकी हजर असतील त्यांनी सगळे ठराव पास करून घरी जायचं. आता तिने बघितलं काय आणि न बघितलं काय. त्याने एकट्याने बघितलं तरी भेट झाली.

काय हा गाढवपणा, ती स्वतःलाच म्हणाली, आणि ताट उचललं.

पंगत रिकामी झाली होती. भूपाल एकटाच पानावर बसून होता, कारण त्याला उठायची परवानगी नव्हती. त्रिशला त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. आता नजर खाली ठेवून फायदाच नव्हता, म्हणून तिने सरळ बघितलं. त्याची मिशी सुटून मठ्ठ्याच्या वाटीत पडली होती आणि तो ती दोन बोटांनी काढायचा प्रयत्न करत होता. सापडलेल्या माणसासारखा तो वर बघून हसला. त्याचे डोळे लाल होते. पोरगा रडला होता अर्धा तास.

“अजून एक?” तिने विचारलं.

“नको. म्हणजे, वाढा,” तो म्हणाला.

तिने वाढली. तोडकर म्हणाले, “झाली.” आणि लिहायला लागले.

संहिता म्हणते की नायिका त्या क्षणी प्रेमात पडते. त्रिशलाला संहितेचा रागच आला होता, तरीही ती पडली. त्याला नाटक जबाबदार होतं की ती मठ्ठ्यातली मिशी, हे तिला पुढे कधीच ठरवता आलं नाही. घरी जाऊन ती उशीत तोंड खुपसून रडली. आता तिला मरायचं नव्हतं याला आणखी एक कारण झालं होतं.

दुसरा अंक पुढच्या गुरुवारी, सकाळी अकराला, मगदुमांच्या मागच्या भिंतीपाशी ठरला. तोडकरांचं टेबल आधीच येऊन बसलं होतं. भिंतीच्या या बाजूला त्रिशला, त्या बाजूला भूपाल. भिंत छातीएवढी. त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता. काहीतरी पाठ करून आलाय, हे लगेच कळत होतं.

“विषय क्रमांक एक,” तोडकर म्हणाले. “मागील भेटीचे इतिवृत्त वाचून कायम करणे.”

त्रिशलाने मान वर केली.

तोडकर वाचत होते. दुपारी चार वाजता अमुक ठिकाणी, गणसंख्येअभावी, तहकूब, नायिकेने नायकास एकूण तीन जिलब्या वाढल्या, इत्यादी. पान संपवून त्यांनी चष्म्यावरून दोघांकडे बघितलं. “काही हरकत नसल्यास कायम करतो. मग विषय दोन, प्रेमालाप.”

आता बघा, संस्थेच्या सभेत या वेळेला कुणी काही बोलत नाही. लोक खिडकीबाहेर बघतात, कुणीतरी ‘मंजूर, मंजूर’ म्हणतं आणि गाडी पुढे सरकते. त्रिशलाने असली शेकडो इतिवृत्तं टाईप केली होती आणि त्यांत फक्त एकदा, पाणीपुरवठा मंडळीच्या सभेत, एका चिडक्या म्हाताऱ्याने हरकत घेतली होती. त्यावर ती मंडळी दोन वर्षं अडकून पडली होती. इतिवृत्त कायम होत नाही तोवर पुढचा विषय घेता येत नाही.

“हरकत आहे,” ती म्हणाली. तिचा आवाज जरा चिरकला.

तोडकरांनी पेन्सिल उचलली. “कशाला?”

“जिलब्या दोन होत्या.”

“तीन,” भूपाल पटकन म्हणाला. तो फॅट काढणारा माणूस. आकडा चुकलेला त्याला खपायचा नाही. “पहिल्यांदा दोन वाढल्या तुम्ही. नंतर एक. तीन.”

“दोन.”

“अहो, मी खाल्ल्यात!”

“मी वाढल्यात.”

तोडकरांनी शांतपणे लिहून घेतलं. दुरुस्ती दोघांच्या संमतीने व्हावी लागते, संमती नसल्यास विषय पुढच्या गुरुवारवर. त्यांनी टेबल घडी करून सायकलला बांधलं. भूपाल पाठ केलेलं तसंच पोटात ठेवून, गोंधळलेल्या चेहऱ्याने घरी गेला.

तो आठवडा त्रिशलाला फार वाईट गेला. त्याला कळलंय की नाही? बाहेर बोलायची सोय नाही. चिठ्ठी धाडली तर बोलण्यातच धरतील. दूध घालायला जाऊन नुसतं डोळ्याने सांगावं म्हटलं, तर रांगेत सगळा गाव.

पुढच्या गुरुवारी व्हायचं तेच झालं. भूपाल आठ दिवस विचार करून आला होता आणि विचाराअंती त्याने तिच्यासाठी आपला आकडा सोडायचं ठरवलं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच. “दोन तर दोन,” तो मोठ्या मनाने म्हणाला. “तुम्ही म्हणता ते खरं. माझी हरकत नाही.”

तोडकरांनी शिक्का उचलला.

“दोन नाही!” त्रिशला ओरडली. “चार!”

“मागल्या वेळी दोन म्हणालात,” तोडकर म्हणाले.

“मागल्या वेळी चुकले. चार होत्या.”

भूपालचं तोंड उघडंच राहिलं. त्याने तिच्याकडे बघितलं, शिक्क्याकडे बघितलं, पुन्हा तिच्याकडे. तिने भिंतीचा कठडा दोन्ही हातांनी घट्ट धरला होता आणि ती पापणी न हलवता त्याच्याकडे बघत होती. अरे माणसा, कळू दे रे तुला, ती मनात म्हणत होती. आणि मग त्याच्या चेहऱ्यावर ते हळूहळू उतरताना तिला दिसलं.

“चार अजिबात नव्हत्या,” भूपाल म्हणाला. “आणि साडीसुद्धा हिरवी लिहिलीय, ती मोरपंखी होती. त्याचीही हरकत घ्या.”

तोडकरांनी दोन्ही हरकती घेतल्या. त्यांना यात काही गैर वाटलं नाही. नियमात बसत होतं.

अशी वर्षं गेली. पहिली दोन वर्षं लोकांनी वाट बघितली. मांडववाल्याने पाचव्या अंकाचे खांब तिसऱ्या वर्षी उपटून नेले. खोत मंडळींनी भूपालला धारेवर धरलं, “जिलबीवरून अडून बसलाय, माणसासारखा वाग.” त्रिशलाची आई म्हणायची, “एकदाचं काय ते होऊन जाऊ दे गं, किती दिवस घोळ घालणार?” पण कुणी जबरदस्ती केली नाही. हरकत घ्यायचा हक्क सदस्याला असतोच, हे दोन्ही घराण्यांना मान्य होतं. एवढ्या एका बाबतीत त्यांचं एकमत होतं.

भिंत पडल्यावर सभा पालिकेत व्हायला लागल्या, त्याच टेबलापाशी. दर गुरुवारी अकरा. त्रिशला टायपिंगच्या क्लासची मालकीण झाली, भूपाल संघात व्यवस्थापक झाला. दोघांनाही लग्न करता येईना, कारण लग्न तिसऱ्या अंकात होतं आणि अजून पहिलाच संपला नव्हता. सुमतीचं मात्र झालं. तिला दोन मुली झाल्या आणि त्यांचं वय सोडतीत आलं, पण चालू नाटक संपल्याशिवाय नवी सोडत काढता येत नाही, असा खुलासा पालिकेने लेखी दिला. त्या मुली शिकल्या, पुण्याला गेल्या, वजन वाढल्याच्या तक्रारी करायला लागल्या. त्रिशलाला त्या तक्रारी ऐकायला फार आवडायचं.

टेबलापाशी विषय एक सोडून बोलायची परवानगी नव्हती. पण हरकतीला शब्दमर्यादा नव्हती, हे भूपालने चौथ्या वर्षी शोधून काढलं. “हरकत आहे,” त्या दिवशी तो म्हणाला. “मी पंगतीत बसलो तेव्हा माझी आई दवाखान्यात होती, तिचा उल्लेख इतिवृत्तात नाही.” आणि मग तो आईबद्दल वीस मिनिटं बोलला. पुढच्या गुरुवारी त्रिशलाने हरकत घेतली की वाढताना तिला कॉलेज सोडावं लागल्याचं वाईट वाटत होतं, ते का वाईट वाटत होतं याची नोंद व्हावी. तोडकर लिहीत गेले. अर्ध्या तासाच्या भेटीचं इतिवृत्त वाढत वाढत एका कपाटाचं झालं, मग दोन कपाटांचं. त्यात भूपालचं सगळं बालपण होतं, त्रिशलाच्या अण्णांचं शेवटचं आजारपण होतं, कुणाला कोणत्या भाजीने पित्त होतं ते होतं. एकदा तो सबंध वेळ रागावून बसला, कारण तिने म्हटलं होतं की त्या दिवशी तो भित्रा दिसत होता. ती हरकत त्याला खरोखरच लागली होती. पुढच्या गुरुवारी तिने दुरुस्ती दिली: भित्रा नव्हे, एकटा. त्यावर त्याने हरकत घेतली, पण हसत.

तोडकर निवृत्त झाले. त्यांच्यानंतर दोघं आले आणि गेले, मग गवंडे बाई आल्या. दोन सुना असलेल्या, कामाला चोख. इतिवृत्त वाचायला आता आठ महिने लागले असते, म्हणून ‘वाचले असे समजण्यात आले’ म्हणायचा प्रघात पडला होता.

नाटकाच्या एकेचाळिसाव्या वर्षी भूपालच्या पोटात गाठ निघाली. मिरजेच्या डॉक्टरांनी दोन महिने सांगितले. हे त्याने इतिवृत्तावरच्या हरकतीत, नेहमीच्या आवाजात सांगितलं, आणि गवंडे बाईंनी ‘गाठ’ हा शब्द लिहिताना जरा थांबून घेतलं.

त्रिशला तो आठवडाभर क्लासला गेली नाही. ती हिशोबी बाई नव्हती, पण हा हिशोब सोपा होता. इतिवृत्त कायम झालं तर पंधरा दिवस. पण ते पंधरा दिवस त्याच्याशी वाट्टेल ते बोलता येणार होतं. हात धरता येणार होता. तिसऱ्या अंकात लग्न होतं. ती त्रेसष्टची होती, तब्येतीने ठणठणीत, आणि त्याच्यामागे उरून काय करायचं हे तिला सुचत नव्हतं. सोडत पुन्हा सोळा वर्षांनी लागेल, तेव्हाच्या पोरी हरकत घ्यायला शिकतील. त्यांना कुणीतरी शिकवून ठेवील. बुधवारी तिने सुमतीला बोलावून उपविधींची प्रत तिच्या हातात दिली. सुमतीने ती पिशवीत ठेवली.

गुरुवारी भूपालला त्याच्या पुतण्याने रिक्षातून आणलं. तो खुर्चीत बसला तेव्हा खुर्ची मोठी वाटली.

“मागील भेटीचे इतिवृत्त,” गवंडे बाई म्हणाल्या, “वाचले असे समजण्यात आले. काही हरकत?”

“माझी नाही,” त्रिशला म्हणाली.

गवंडे बाईंचं पेन हवेतच राहिलं. एकेचाळीस वर्षांत हे वाक्य त्या टेबलापाशी तिने उच्चारलं नव्हतं. भूपालने तिच्याकडे बघितलं. तिने मोरपंखी साडी नेसली होती आणि केसात फुलं माळली होती, त्रेसष्टाव्या वर्षी, सगळ्या ऑफिसच्या देखत. तिला काय हवंय हे त्याला कळलं. त्यालाही तेच हवं होतं. त्याच्या तोंडावरून ते लपत नव्हतं. ओठ हलले. गवंडे बाईंनी शिक्का शाईवर टेकवला.

“हरकत आहे,” भूपाल म्हणाला.

“भूपाल,” त्रिशला म्हणाली. “नको ना.”

“मठ्ठ्यात,” तो म्हणाला. त्याला दम लागत होता. “मठ्ठ्यात कोथिंबीर होती. ती लिहिलेली नाही. घ्या बाई.”

गवंडे बाईंनी लिहिलं. त्रिशला टेबलावर डोकं टेकवून रडली. तिला त्याचा भयंकर राग आला होता, आणि आयुष्यात तिला कुणी याहून प्रेमाचं काही म्हटलं नव्हतं, हेही तिला कळत होतं. पुढच्या गुरुवारची तारीख पडली.

डॉक्टरांचे दोन महिनेही न घेता भूपाल मंगळवारी गेला. दाखल्यावर डॉक्टरांनी मृत्यूचं कारण आजार असं लिहिलं. तांबवड्याच्या नायकांमध्ये असा दाखला मिळालेला तो पहिलाच.

गुरुवारी अकराला त्रिशला पालिकेत येऊन आपल्या खुर्चीत बसली. समोरची खुर्ची होती तिथेच होती. गवंडे बाईंनी घड्याळ बघितलं आणि हळू आवाजात सभा गणसंख्येअभावी तहकूब केली. दोघी अर्धा तास बसून राहिल्या. गवंडे बाईंनी चहा मागवला. साडेअकराला त्या म्हणाल्या, “आता अट नाही, त्रिशलाताई. तुम्ही एकट्या असलात तरी चालतं.”

“चालू करा.”

“वाचले असे समजू?”

“नको,” त्रिशला म्हणाली. “शेवटचं पान वाचा.”

गवंडे बाईंनी कपाटातून शेवटचा खंड काढला. हरकती मधे मधे घालत गेल्यामुळे शेवटचं पान पहिल्या दिवसाचंच राहिलं होतं, त्यावर तोडकरांचं जुनं अक्षर होतं. त्यांनी वाचलं. नायिकेने नायकास पुन्हा वाढले. नायकाने नको म्हणून मग घेतले. उपस्थितांचे आभार मानून भेट संपल्याचे जाहीर करण्यात आले.

“हरकत आहे,” त्रिशला म्हणाली.

“कशाला?”

“भेट संपली असं लिहिलंय. ते काढा.”

गवंडे बाईंनी पट्टी घेतली आणि त्या ओळीवर सरळ रेघ मारली. समासात सही केली, त्रिशलाची सही घेतली. मग डायरी उघडली.

“पुढचा गुरुवार,” त्या म्हणाल्या. “वेळ साडेअकराच लिहू का आता? उगीच तुम्हाला थांबायला नको.”

“अकराच लिहा,” त्रिशला म्हणाली. “अर्धा तास वाट बघायची असते.”